फाटकबाईंचं ‘नाही’

वीज गेली नसती तर मला ते कळलंच नसतं. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी दादूच्या गिरणीच्या पायरीवर बसले होते. आत माझा तांदळाचा डबा रांगेत तिसरा होता आणि गिरणीच्या आवाजावर मात करत दोन बायका गप्पा मारत होत्या. गिरणीत कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात, आणि ओरडायची सवय झाली की गुपितंही ओरडूनच सांगितली जातात. त्यातली एक सोनूबाई, आमच्या पलीकडच्या आळीतली. तिच्या भाच्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगा अलोऱ्याच्या कॉलनीत नोकरीला, मुलगी पालीच्या अलीकडच्या एका गावातली, बालवाडीत शिकवणारी, नाव तुळसा. “शनिवारी आमचा भागोजी, पोराचा बापूस, जानाराय चौकशीला, फाटकबाईकडं,” सोनूबाई ओरडली. दुसरीनं काहीतरी विचारलं. तेवढ्यात वीज गेली, पट्टा फडफडत थांबला, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत सोनूबाईचं वाक्य थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेलं: “अगो, सोप्पं हाय. बाई ‘नाय’ म्हणाली की नाय. आणि ‘सांगता येत नाय’ म्हणाली की समजायचं, पोरगी तिकडं जायची.” दादूनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पिठाच्या डब्याकडे पाहिलं. “लाईट तासाभरानं येईल, बाई,” तो म्हणाला, “डबा ठेवून जा.” फाटकबाई म्हणजे मीच.

मी मालिनी फाटक. रत्नागिरीत गोखले नाक्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर महिला मंडळाचं सल्ला केंद्र आहे, तिथे मी एक्क्याऐंशी सालापासून बसते. त्याआधी मुंबईत शिकले आणि तिथेच एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सात वर्षं काम केलं. लोक माझ्याकडे येतात, बोलतात, मी ऐकते, आणि ऐकलेलं माझ्यापाशी राहतं. हे काम मला चांगलं येतं, हे सांगायला मी लाजत नाही. आमच्या जिन्यावर तीन दारं आहेत: डावीकडे टायपिंगचा क्लास, समोर दातांचे डॉक्टर आणि उजवीकडे आम्ही. मंडळाच्या अध्यक्षांना तळमजला हवा होता, रस्त्यावरून पाटी दिसेल असा. मी म्हटलं, मला जिना हवा, कारण जिना चढणारा माणूस कुणाकडे चाललाय हे खालून कळत नाही. माझ्या कागदांवर नावं नसतात, आकडे असतात. कुठला आकडा कुणाचा ते एका वहीत, वही कुलपात आणि किल्ली माझ्या कमरेला. वार्षिक अहवालात नावं द्या म्हणून एकदा मंडळात बराच आग्रह झाला होता, तेव्हा मी राजीनामा लिहूनच घेऊन गेले होते. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे, घड्या पडलेला. आडनावावरून गावात माझी थट्टा चालते. फाटक बंद आहे, म्हणतात. जेवताना नवरा विचारतो, आज काय, उघडं होतं की लावलेलं? ही थट्टा मला आवडते, खरं तर फार आवडते, आणि त्या मंगळवारी गिरणीवरून घरी येताना पहिल्यांदा वाटलं की आपल्याला ती जरा जास्तच आवडत आली आहे.

तुळसा, भागोजी, सोनूबाई ही त्यांची नावं नव्हेत, पुढे येणारी बाकीचीही बदललेली आहेत. तुळसा माझ्याकडे आठ महिने येत होती, आणि हे मी लिहिते आहे ते तिनं लिही म्हटल्यावर. तिची अट एकच होती, का येत होती ते लिहायचं नाही. तेव्हा तेही विचारू नका. एवढंच सांगते की जिना चढताना पहिल्या दिवशी ती कठड्याला धरून चढली होती, आणि आठ महिन्यांनी दोन दोन पायऱ्या एकदम उतरत गेली. तिचं लग्न आता माझ्या ‘सांगता येत नाही’ या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते वाक्य मी रोज न चुकता बोलत आले होते.

कोकणात कुणाचं डोकं फिरलं की लोक म्हणतात, याला रत्नागिरीला पाठवा. आम्ही रत्नागिरीतच जन्मलेल्यांनी कुठे जायचं, असं माझी कमलाआत्या विचारायची आणि स्वतःच हसायची. आत्या वयाच्या विसाव्या वर्षी तीन महिने इथल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात होती. तिथे ती बरी झाली, तिथल्या नर्सबाईंची आठवण ती शेवटपर्यंत मायेनं काढायची. पण शेजारच्या एका गृहस्थानं तिला फाटकातून बाहेर येताना पाहिलं होतं, आणि घरी पोचायच्या आधी तिची बातमी घरी पोचली. पुढे चाळीस वर्षं आत्या आमच्यात राहिली. फणसाची सांदणं तिच्यासारखी कुणाला जमली नाहीत. पण आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून तिचा आवाज जरा चढला की माझे वडील आईकडे बघायचे आणि आई खाली बघायची. बाकी सगळ्यांना रागावायची मुभा होती. आत्या रागावली की तो आजार असायचा. मी दहा वर्षांची असेन, तिनं एकदा भांडं जोरात आपटलं आणि मी सुद्धा घाबरून दाराकडे सरकले. तिनं ते पाहिलं. मग तिनं ते भांडं उचललं, पदरानं पुसलं आणि अगदी हळू, आवाज न करता फळीवर ठेवलं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. मी हे काम का करते असं कुणी विचारलं तर मी समाजकार्याबद्दल काहीबाही बोलते, पण खरं कारण ते हळू ठेवलेलं भांडं आहे.

मुंबईत आम्हाला दस्तूरबाई शिकवायच्या. पारशी, बुटक्या, बोलायला फटकळ. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं: कोणी पण येऊ दे, कोणाच्या पण बद्दल विचारू दे, तुमचं एकच वाक्य, सांगता येत नाही. येणाऱ्या माणसाबद्दल तेच, न येणाऱ्या माणसाबद्दल पण तेच. मी हात वर केला. मी तेव्हाही फार हुशार होते. जो कधी आलाच नाही त्याच्याबद्दल ‘नाही’ म्हटलं तर काय बिघडलं, बाई? त्यात गुपित कुठे आहे? दस्तूरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “छोकरी,” त्या म्हणाल्या, “तुझा ‘नाही’ स्वस्त झाला ना, तर तुझी चुप्पी महाग पडेल. तुला नाही, दुसऱ्याला.” मी ते वहीत उतरून घेतलं, परीक्षेत लिहिलं, त्याचे गुणही मिळवले. आणि चौऱ्याऐंशी साली, आमच्या जिन्यावर, गंगासाठी ते विसरले.

गंगा आमच्याकडे कधीच आली नव्हती. ती डावीकडच्या दारात जायची, टायपिंगला. पण कुणीतरी तिला जिना चढताना पाहिलं आणि मुलाच्या आईच्या कानावर घातलं. ती बाई माझ्यासमोर येऊन बसली. मुलगी मनाजोगी आहे, देखणी आहे, फक्त एवढं सांगा, ती तुमच्याकडे येते का? मी माझं वाक्य म्हटलं. बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात पलीकडून टायपिंगची टकटक ऐकू आली आणि मला गंगा आठवली, पावसाळी चपला जिन्यात काढून ठेवणारी, दिसले की हसणारी. उगाचच्या उगाच पोरीचं लग्न मोडणार, आणि तेही माझ्यामुळे. मला सहन झालं नाही. “नाही हो,” मी म्हणाले, “ती टायपिंगला येते. आमच्याकडे कधीच आलेली नाही.” लग्न झालं. गंगाचे वडील पेढे घेऊन आले, हात जोडून म्हणाले, बाई, तुमच्या शब्दानं पोरीचं भलं झालं. त्या रात्री मी फार खुशीत होते. त्यानंतर आणखी दोन मुलींबद्दल ‘नाही’ म्हणाले. दोघी खरोखरच आल्या नव्हत्या, मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. चौकशीला येणारी माणसं वाढली, लांजा, देवरूख, पाली, कुठून कुठून. मला वाटलं, लोकांचा आपल्यावर विश्वास बसला. विश्वास बसला होता हे खरंच होतं. माझ्या ‘नाही’वर त्यांचा इतका विश्वास होता की जिच्याबद्दल मी ‘नाही’ म्हणत नव्हते तिचं काय ते लोक आपापलं समजून जात होते. कितीजणी अशा समजल्या गेल्या असतील ते मला ठाऊक नाही. मी कुलूप तपासत होते, किल्ली कमरेला चाचपत होते, आणि भिंतच उघडी होती.

त्या मंगळवारी दुपारी मी जेवले नाही. तिन्ही त्रिकाळ खाणारी बाई मी, नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला. मनात एकच गोष्ट फिरत होती: शनिवारी भागोजी येणार, मी माझं वाक्य म्हणणार, आणि त्या वाक्याचा अर्थ आता ‘हो’ झालेला. ‘नाही’ म्हटलं तर खोटं, आणि नुसतं खोटंही नव्हे, पुढच्या प्रत्येकीसाठी आणखी एक खड्डा. पण एकदा, फक्त एकदा, तुळसासाठी? चार मुलींसाठी चार ‘नाही’, त्यातलं एक खोटं, कुणाला कळणार? हा विचार मी केला, लपवत नाही. रात्री अंथरुणावरही केला. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करते आहे, दुसऱ्याच्या गोष्टीचं काय करायचं ते मीच ठरवते आहे. गोष्ट तुळसाची होती. सकाळी उठून मी तिला दोन ओळी लिहिल्या, मंडळाचं नाव नसलेल्या साध्या पाकिटात घातल्या, वर बालवाडीचा पत्ता घातला आणि पाकीट पाली गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं. गुरुवारी दुपारी तुळसा हजर झाली.

मी तिला सगळं सांगितलं, गंगापासून गिरणीपर्यंत. माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे आपली चूक कबूल करायची माझी ती पहिलीच वेळ. मी म्हटलं, तुझं नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही, पण माझ्या गप्प बसण्यातून जाणार आहे. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, “मंग तुमी काय सांगनार त्यानला?”

“तू सांग. नाही म्हणू?”

खोटं बोलायची तयारी माझ्या तोंडून अशी सहज बाहेर पडली आणि माझी मलाच कमाल वाटली. तुळसानं मान हलवली. “नको. आज तुमी नाय म्हनालात, आणि उद्या पोरबाळ झाल्यावर मला परत तसं काय झालं, तर मी कुठं जाऊ? हितंच येनार ना? मंग तेव्हा तुमचा नाय आणि माजं येनं, दोन्ही लपवत बसायचं काय?” तिनं पदराचं टोक सोडून दिलं. “मी काय चोरी केलेली नाय. सांगायचं झालं तर माज्या तोंडानं सांगीन, मला वाटंल त्याला, मला वाटंल तेव्हा. तुमी काय बी सांगू नका. नाय पन नका सांगू.” दस्तूरबाईंनी तीस मुलींच्या वर्गात शिकवलं होतं ते हिला कुणी शिकवलं नव्हतं. जाताना ती दोन दोन पायऱ्या नाही, एकेक पायरी उतरली, पण कठडा धरला नाही.

शनिवारी भागोजी चार वाजता आले. तीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढलेला माणूस, पांढरं धोतर, काळी टोपी, हातात पिशवीभर रताळी. रताळी मी परत त्यांच्या खुर्चीशी ठेवायला लावली. त्यांनी मुलाचं सांगितलं, अलोऱ्याच्या नोकरीचं सांगितलं, क्वार्टरला नळ घरात आहे तेही सांगितलं. मग आवाज खाली आणला. “बाई, इचारायचं बरं दिसत नाय, पन पोराचा बापूस हाय मी. ती पोरगी तुमच्याकडं येत होती काय?”

हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असेल. “ते सांगता येत नाही,” मी म्हणाले.

भागोजींनी मान डोलावली आणि पिशवी उचलली. “बराय. समजलं.”

“काय समजलं?”

“आता ते तोंडानं कशाला बोलायचं. तुमी सांगितलात, आमी घेतलं.”

“मी काही सांगितलेलं नाही. बसा.” माझा आवाज चढला होता आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. “तीन मुलींबद्दल मी ‘नाही’ म्हणाले होते. ती माझी चूक. या खुर्चीतून मी ‘नाही’ म्हणायलाही नको होतं. ते आता बंद. आता कुणाबद्दलही विचारा, जो आला त्याच्याबद्दल, जो कधी या जिन्यावर चढला नाही त्याच्याबद्दल, माझं उत्तर एकच. विचारून बघा.”

तीस वर्षं गोदीत काढलेला माणूस असा सहजी ऐकणार नव्हता. ते पुन्हा बसले आणि मजेत आले. “आमचा सरपंच?”

“सांगता येत नाही.”

“दादू गिरनवाला?”

“सांगता येत नाही.”

“पाली गाडीचा डायवर, तो खोताचा?”

“सांगता येत नाही.”

“तुमचे मिस्टर?”

“सांगता येत नाही.”

भागोजी टोपी काढून हसले. “म्हंजे आख्खा जिल्हा तुमच्याकडं येतो म्हना की.” आणि त्याच हसण्यात, टोपी पुन्हा डोक्यावर ठेवता ठेवता, म्हणाले, “आणि आमची जनी?”

जनी म्हणजे त्यांची बायको. मी तेच म्हणाले, त्याच आवाजात, तितकाच वेळ घेऊन. “ते सांगता येत नाही.”

ते आणखी थोडं हसले, आणि मग ते हसणं संपलं. पलीकडे टायपिंगची टकटक चालू होती. भागोजी माझ्याकडे नव्हे, ज्या खुर्चीवर ते बसले होते तिच्या हाताकडे बघत होते, जिथे बऱ्याच हातांनी पॉलिश गेलं आहे. “जनी रत्नागिरीला येत होती,” ते म्हणाले. “गेल्या साली. दर शुक्रवारी. हितंच, ह्याच जिन्यावर. दाताला.” त्यांनी बोटांवर मोजलं. “सहा महिने. मानसाला दात असतात किती?” मला आतून भीती वाटली, ती सांगून टाकते. आपल्या या सरळ वाक्यानं कुठल्या घरात काय पेटेल याची भीती. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर हा माणूस हसत हसत पाली गाडीला गेला असता. जनी माझ्याकडे आली असती तरी आणि नसती तरी ते ‘नाही’ माझ्या जिभेवर आलंच असतं, कमलाआत्याची शपथ. मी ते गिळलं. भागोजी हळूहळू बोलत होते, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. “त्याच्या आदी ती चुलीम्होरं बसून ऱ्हायची. भाकर करपली तरी कळायचं नाय. मी मुंबईस्न आलो तवा मला वाटलं, माज्यावर रागावली. आता नाय तसं. आता बोलते. परवा माज्याशी भांडली बी.” त्यांनी टोपी सारखी केली. “भांडली तर बरं वाटलं, बाई.”

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्याले, तोंड पुसलं आणि उठले. “त्या पोरीकडं आमी परत एकदा जाऊ,” ते म्हणाले. “ह्या खेपंला मी काय इचारनार नाय. जनीलाच बोलू दे तिच्याशी.”

ते लग्न वैशाखात झालं. तुळसानं जनीला स्वतःहून काय सांगितलं, परसात नारळाच्या बुंध्याशी बसून दोघी किती वेळ बोलल्या आणि जनी काय म्हणाली, ते तुळसानं मला सांगितलं आहे आणि ते माझ्यापाशी आहे. सोनूबाई आता गिरणीत म्हणते की फाटकबाईचं डोकं फिरलंय, कुणाचं बी काय सांगत नाय. दादूनं एकदा डबा तोलता तोलता विचारलं, बाई, मी येतो काय हो तुमच्याकडं? मी त्यालाही तेच सांगितलं, आणि रांगेतल्या बायका हसल्या. हसू देत.

पण मला त्या शनिवारचा जिना आठवतो. माझं दार अर्धं उघडं होतं. भागोजींनी चपला घातल्या, दोन पावलं टाकली आणि समोरच्या दारापाशी थांबले. दातांच्या डॉक्टरांकडे वही असते, वहीत तारखा असतात, नावं असतात. एक प्रश्न विचारला की सहा महिन्यांचे शुक्रवार कळले असते. त्यांचा हात कडीवर होता. मी जागची उठले नाही, उठायचा मला हक्क नव्हता, पण टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नंतर बोटं दुखली. आतून दार उघडलं आणि कंपाउंडर रामा बाहेर आला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला अवघडून उभं असलेलं पाहून त्यानं विचारलं, “काका, कोणाकडं आलावात?”

भागोजींनी कडीवरचा हात काढून घेतला. एकदा तिन्ही दारांकडे पाहिलं, पिशवी काखेत नीट धरली.

“ते सांगता येत नाय,” ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.